पिठाची बेसलाइन

अक्का, परवापासून तुमच्या ओसरीवर बायका येऊन बसतायत आणि तुम्हाला सोशिक म्हणतायत. सोशिक, शांत, कोणाला कधी उलटून बोलली नाही, असं एकेक. मी तोंडाला पदर लावून बसले होते, पण तो रडू लपवायला नव्हता. शेजारी सिव्हिल हॉस्पिटलातली आपली कमल सिस्टर होती. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "या बायांनी तुझ्या नणंदेचा ड्रॉप शॉट खाल्लेला दिसत नाही." त्यानंतर आम्हा दोघींना तिथून उठावंच लागलं. मागच्या अंगणात जाऊन आम्ही आधी हसलो, आणि मग मोरीजवळ उभ्या राहून पोटभर रडलो.

तुम्ही कुठं जन्मलात, नगरपालिकेच्या शाळेत किती पोरांना बाराखडी शिकवलीत, हे लोक सांगतायत आणि ते बरोबरच सांगतायत. मला सांगायचंय ते त्या ओसरीवर सांगण्यासारखं नाही. म्हणून तुमच्याशीच बोलते. इतकी वर्षं तुमच्याशी वाद घालायची सवय लागलेली, ती अशी दोन दिवसांत थोडीच सुटणार आहे?

मी नाशिकहून लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा तुम्ही माझ्या मोठ्या नणंद, त्याच गल्लीत थोडं पलीकडे राहणाऱ्या. नणंदेशी कसं वागायचं याचं माहेरी मला भरपूर शिक्षण देऊन पाठवलं होतं. खाली बघायचं, हो म्हणायचं, भाजीत मीठ विचारून टाकायचं. नणंदेची सर्व्हिस कशी परतवायची हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

सुरुवात हळदीकुंकवातून झाली, हे आज कोणाला सांगितलं तर पटायचं नाही. तुमचे यजमान नाना पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, म्हणून क्लबाचे सभासद. संक्रांतीनंतर तिथं बायकांचं हळदीकुंकू असायचं. वर्षातून तेवढ्यापुरता तो क्लब आपला. सत्त्याऐंशी साल असेल. हातात वाण घेऊन आपण मागच्या दारानं निघालो आणि तुम्ही एकदम थांबलात. समोर टेनिसचं कोर्ट होतं. त्या वेळी आपल्याकडचं कोर्ट शेणामातीचं, ते सारखं सारवावं लागायचं. सारवणारा माणूस गावी गेला तो तिकडेच रमला, आणि कोर्टाला ही मोठी भेग, जागोजागी पोपडे, वारा सुटला की नुसता फुफाटा. पुरुषमंडळी आत पत्ते कुटत बसलेली. तुम्ही ते बघून हळहळलात आणि शाळेतली भाषा सोडून एकदम घरच्या अहिराणीवर आलात. "हाई कोनं खळं शे वं?"

सगळ्या हसल्या. तुम्ही विनोद करत नव्हतात. तुम्ही दोंडाईच्याजवळच्या शेतकऱ्याची लेक. पीक मळायचं खळं असं उखणलेलं पडलंय हे तुम्हाला बघवत नव्हतं, मग त्यावर ज्वारी पडो नाहीतर चेंडू.

क्लबाचे सेक्रेटरी एक वकीलसाहेब होते. तुम्ही तशाच त्यांच्याकडे गेलात आणि म्हणालात, "साहेब, आम्ही सारवून देतो. दर रविवारी. पण संध्याकाळ आम्हा बायकांची." वकीलसाहेबांना वाटलं, भजन करणार असतील, नाहीतर उन्हाळ्यात बिबड्या-कुरडयांचं काही असेल. "अहो, अवश्य," ते म्हणाले, "अगदी हक्कानं बसा." जन्मभर दुसऱ्यांचे करार तपासणाऱ्या माणसानं स्वतःचा करार असा न विचारता करून टाकला.

पहिल्या रविवारी आपण कोर्ट सारवलं ते आठवतं ना? मागच्या गवळीवाड्यातून शेण, पांझरेच्या काठची पिवळी माती, आणि खळ्याला घालतात तसा तुम्ही त्यात बारीक भुसाही मिसळलात. चांगला जाड थर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषमंडळी पांढऱ्या बुटांनी उतरली आणि हिरव्या बुटांनी बाहेर आली. बुटांचं एकवेळ चाललं असतं. पण चेंडू पडायचा तो पडला तिथंच बसून राहायचा. वकीलसाहेब तक्रार घेऊन घरी आले तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढं चहा ठेवलात आणि पोराला गणित समजावावं तसं सांगितलंत, "साहेब, चांगल्या खळ्यावर दाणा उडाला नाही पाहिजे. उडालेला दाणा मातीत जातो."

वकीलसाहेब नानांकडे बघायला लागले. नाना बिचारे उठले, माळ्यावरून एक जुना चेंडू काढला आणि तुमच्यापुढं फरशीवर टाकून दाखवला. इथं उडणंच हवं असतं, म्हणाले. तुम्ही तो त्यांच्या हातातून घेतलात आणि स्वतः टाकून बघितलात. परत टाकलात. मग मला म्हणालात, "शैला, तू टाक बरं." आपण दोघी स्वयंपाकघराच्या दारात चेंडू टाकत आणि झेलत बसलो, आणि वकीलसाहेबांचा चहा गार झाला. आपलं टेनिस खरं तर तिथंच सुरू झालं.

पुढच्या रविवारी भुसा नाही, शेण पातळ, माती जास्त, आणि वाळल्यावर वरून रूळ फिरवला. कोर्ट असं झालं की वकीलसाहेब स्वतः येऊन हात फिरवून गेले. आणि सोमवारी संध्याकाळी आपण करार वसूल करायला गेलो. नानांच्या दोन जुन्या लाकडी रॅकेटी, पायात कॅनव्हासचे बूट, तुमची साडी पाचवारीच, पण नऊवारीसारखी खोचून नेसलेली, मी पंजाबी ड्रेस. वकीलसाहेब व्हरांड्यात होते. "अक्का, तुम्ही तर बसणार होता ना?" ते म्हणाले. "बसू ना," तुम्ही म्हणालात. "दमलो की बसू."

घरी तुमच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, जरा कुरकुर केली. लोक काय म्हणतील वगैरे. तुम्ही त्यांना म्हणालात, "लोकांना सांग, बहीण आणि बायको सारवायला जातात." आणि गल्लीनं कितीतरी दिवस तेच धरून ठेवलं, कारण रविवारी आपले हात कोपरापर्यंत शेणाचे असायचेच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारी बसणारी ऑपरेटर मला म्हणायची, अगं, काय तुझं सासर, नोकरीवरच्या सुनेला शेणात हात घालायला लावतात. मी मान खाली घालून सुस्कारा टाकायची. फार मजा यायची.

मला खेळता येत नव्हतं, हे तुम्ही आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलंत. माझा पहिला फटका भिंतीवरून गवळ्याच्या म्हशीत गेला, दुसराही तिथंच गेला. पण तुम्हाला तरी कुठं येत होतं? नाना वेताच्या खुर्चीत बसून "खांदा फिरव, खांदा" म्हणून ओरडायचे. त्यांचा गुडघा गेला नसता तर ते स्वतः खेळले असते. तुमचा खांदा काही फिरला नाही. तुमचं सगळं मनगटात. सर्व्हिस तुम्ही खालूनच करायचात, आणि समोरची मागं बेसलाइनवर उभी दिसली की तव्यावर भाकरी सोडावी तसा चेंडू अलगद नेटपलीकडे सोडायचात. मी धावत यायची तोवर तो दुसरी उडी घेऊन मोकळा झालेला असायचा. "मार वं, कसाले घाबरस?" तुम्ही वरून मलाच ऐकवायचात. मारायला चेंडू जागेवर तर हवा ना.

आणि मग एका संध्याकाळी माझा चेंडू रॅकेटच्या ऐन मध्यावर बसला. हाताला काहीच लागलं नाही. तारांचा एक भरीव आवाज आला आणि चेंडू नेटवरून सरळ, खाली, कोपऱ्यात. मी तिथंच उभी राहिले. लहानपणापासून मी स्वयंपाक केला, अभ्यास केला, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडले, सगळं नीट केलं. पण माझ्या अंगानं काहीतरी इतकं सुरेख केलं असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. तुम्ही नेटपाशी आलात. मला वाटलं, शाबासकी देणार. तुम्ही म्हणालात, "आता हे उद्याही होईल असं समजू नको." नाहीच झालं. पण आठवड्यानं परत झालं, आणि मग मला तुमच्याइतकंच वेड लागलं.

आपल्या चौघींत कमल सिस्टर सगळ्यात जोरात मारायची. हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून तशीच यायची, आणि दिवसभर ज्यांना ज्यांना काही बोलता आलं नाही त्यांना चेंडूतून बोलायची. चौथी कोणा ना कोणा अधिकाऱ्याची बायको असायची. तिला बॅकहँड येऊ लागला की तिच्या नवऱ्याची बदली व्हायची.

सारवलेल्या कोर्टाची एक गंमत होती. त्यावर चेंडूचा ठसा उठायचा. आत की बाहेर याचा वाद झाला की तुम्ही कमरेत वाकून ठशापाशी जायचात आणि त्याच्याभोवती बोट फिरवायचात. आत असेल तर म्हणायचात, "मझार." अहिराणीत आत म्हणजे मझार, हा मी शिकलेला पहिला अहिराणी शब्द. तुमचे डोळे इतके तयार झाले की संध्याकाळी कोर्टावर पाय ठेवताच तुम्ही सकाळचा पुरुषांचा खेळ वाचायचात. मग वकीलसाहेब रस्त्यात भेटले की विचारायचात, "साहेब, आज डाव्या कोपऱ्यातला चेंडू तुम्ही आत धरलात वाटतं? चांगला बाहेर होता." ते बिचारे नंतर नंतर खेळून झालं की स्वतःच झाडू मारून ठसे पुसायला लागले.

आता त्या एका चेंडूबद्दल बोलायलाच हवं.

जळगावच्या क्लबात स्पर्धा होती आणि धुळ्याहून एकाच बाईला जागा होती. ही बातमी आपल्याला वकीलसाहेबांच्या आधी कळली, कारण त्यांचा ट्रंक कॉल मीच जोडून दिला होता. संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही नेटची दोरी बांधत होतात. तुमचे हात थांबले. घरी परतताना रस्त्यात तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. तुम्ही शाळेत असताना खो-खोच्या संघात होतात आणि सामने जळगावला होते. मुलीची जात, परगावी मुक्काम कशाला, म्हणून तुमच्या वडिलांनी पाठवलं नाही. गाडी सुटली तेव्हा तुम्ही स्टेशनच्या कुंपणाशी उभ्या होतात आणि संघातल्या मुली खिडकीतून हात हलवत होत्या. "जळगाव मन्हं ऱ्हाईच गयं," तुम्ही म्हणालात. एवढंच, आणि भाजीवाल्यापाशी थांबून वांगी बघायला लागलात.

मग तुम्हीच जा, असं मी म्हणायला हवं होतं का? मी म्हणालेच होते, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही भडकलात. "मला दान नको. खेळून जिंक आणि जा, नाहीतर मी जाते." तेव्हा तुम्ही अठ्ठेचाळीसच्या पुढं आणि मी तिशीची. पण तुमच्या त्या मनगटापुढं माझं वय काही कामाचं नव्हतं.

रविवारी आपला सामना ठरला. सकाळी सारवण झालं, आणि रेघा मारायला बघतो तर चुना संपलेला, बाजारातली दुकानं बंद. दुसऱ्या कोणीही सामना पुढं ढकलला असता. तुम्ही घरी गेलात आणि ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन आलात. "एक दिवस भाकरी नाही झाली तर काही मरत नाही कोणी," म्हणालात, आणि रांगोळी ओढावी तशी चिमटीतून सगळ्या कोर्टाची रेघ ओढलीत. इतकी सरळ, पांढरी रेघ त्या कोर्टावर कधी पडली नव्हती. दुपारी आपण जेवून झोपलो. मुंग्या झोपल्या नव्हत्या.

संध्याकाळी नाना पंच म्हणून खुर्चीत, कमल सिस्टर पायरीवर. पहिला सेट तुमचा, दुसरा माझा, तिसऱ्यात तुम्ही पुढं. तुम्हाला एकच पॉइंट हवा होता. जळगाव एका चेंडूवर आलेलं. आणि त्या दिवशी तुम्ही ड्रॉप शॉट टाकला नाहीत. मी पुढं धावून येणार हे तुम्हाला माहीत होतं, आणि मी आलेही, तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून उंच चेंडू काढलात. मी मागं वळून बघते तो तो बेसलाइनवर पडला.

म्हणजे, जिथं बेसलाइन असायला हवी होती तिथं पडला. मुंग्यांनी तेवढाच भाग साफ केला होता. हातभर जागेत रेघच नाही, अलीकडे रेघ, पलीकडे रेघ, आणि मधल्या उघड्या सारवणावर तुमच्या चेंडूचा गोल ठसा.

"आऊट," मी म्हणाले. मला तो बाहेर दिसला होता. आजही डोळे मिटले की बाहेरच दिसतो.

तुम्ही नेटला वळसा घालून आलात, वाकलात, बोट फिरवलंत. "मझार."

"अक्का, इथं रेघच नाही."

"रेघ तठेच व्हती. मुंग्या लई गयात. त्यामा मन्हा काय दोस?"

मी अलीकडच्या रेघेपासून पलीकडच्या रेघेपर्यंत रॅकेट आडवी धरून दाखवली, ठसा वीतभर बाहेर येत होता. तुम्ही म्हणालात, मी रॅकेट तिरकी धरली. आपण दोघी नानांकडे वळलो. नाना डोळे चोळत होते. "माझ्या डोळ्यात धूळ गेली," ते म्हणाले. ताज्या सारवलेल्या कोर्टावर, वारा नसताना, त्यांच्या डोळ्यात धूळ गेली. एका घरात त्यांना तुमच्याबरोबर राहायचं होतं आणि दुसऱ्या घरात मेव्हण्याकडे जेवायला यायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही.

चेंडू माझ्या बाजूला पडलेला, म्हणजे निकाल माझा. बरोबरी झाली, ड्यूस. तुम्ही रागावलात, आणि रागावलेल्या हातातून नाजूक चेंडू सुटत नाही. पुढचे पॉइंट मी घेतले, गेम घेतला, सेट घेतला. तुम्ही माझ्याशी हात मिळवलात, डब्यात उरलेलं पीठ उचललंत आणि घरी गेलात. त्या रात्री तुमच्याकडे भाकरी झाली नसणार हे आठवत मी जेवायला बसले, आणि अर्ध्या ताटावरून उठले.

सोमवारी सकाळी तुम्ही दारात उभ्या. मी जळगावला नेणार त्या पिशवीत काय काय भरलंय ते तपासायला. आणि मग सहज म्हणावं तसं म्हणालात, "रजा टाकलीय मी. तू एकटी कशी जाशील?"

पारोळा, एरंडोल करत आपण यष्टीनं जळगावला गेलो ते मी विसरणार नाही. तुम्ही ठेचा आणि कळण्याची भाकरी आणलेली, आणि वाटेत सगळ्या गाडीला सांगितलंत की माझी भावजय टेनिस खेळायला चाललीय. कंडक्टरनं मला पुढची जागा दिली. पण जळगावचं कोर्ट बघितलं आणि मी खाली वाकून त्यावर हात फिरवला. सिमेंटचं होतं. आपल्या कोर्टावर गुडघ्याशी येणारा चेंडू तिथं खांद्यावर येत होता. समोर कॉलेजातली एक उंच मुलगी, तिला घाम म्हणून नाही. मी पहिला सेट कधी हरले हे मला कळलंही नाही. दुसऱ्यात कसेबसे दोन चांगले फटके निघाले, आणि तिसरा, अक्का, तो रॅकेटच्या ऐन मध्यावर बसलेला. कोपऱ्यात रेघेवर पडला. रेघेवर बसलेल्या पोरानं हात वर केला. आऊट.

मी नाशिकची, आम्ही मनात चडफडतो. पण खुर्च्यांच्या रांगेतून कोणीतरी उठल्याचा आवाज आला. साडी खोचून तुम्ही सरळ कोर्टावर आलात, त्या कोपऱ्यात गेलात, कमरेत वाकलात आणि सिमेंटवर ठसा शोधायला लागलात. बोट फिरवताय, डोळे बारीक करताय, परत बोट फिरवताय. "ठसा कोठे शे?" तुम्ही त्या पोराला विचारलंत. सगळे हसायला लागले. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. तुम्ही ताठ उभ्या राहिलात आणि सगळ्या जळगावला ऐकू जाईल असं म्हणालात, "मन्ही भावजयना चेंडू मझार व्हता. मी देखा."

निकाल काही बदलला नाही, आणि मी हरले. हात मिळवताना त्या मुलीनं मला विचारलं, "त्या तुमच्या कोच आहेत का?" मी हो म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात हरल्याचं काही नव्हतंच. दोन दिवसांपूर्वी जिनं तुमचा चेंडू बाहेर दिला तिच्यासाठी तुम्ही परगावच्या कोर्टावर चालत आला होतात. आणि अशी का होईना, जळगावच्या मैदानात तुम्ही उतरला होतात.

परतीच्या यष्टीत एरंडोल मागं पडल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "आते समजनं का तुले, कसं लागस?" मी म्हणाले, "माझा खरंच आत होता. तुमचा बाहेर होता." तुम्ही मला डब्यातली उरलेली भाकरी दिलीत. आभार मानायची तीच वेळ होती. पण तोंडात भाकरी होती, आणि नंतर म्हणू, नंतर म्हणू करत ते राहूनच गेलं. आज म्हणते. अक्का, त्या दिवसापासून तुम्ही माझ्या नणंद राहिला नव्हतात. काय झाला होतात त्याला नाव नाही, पण त्याच्यामुळं मला धुळं माहेर वाटायला लागलं.

त्यानंतर आपला तो वाद किती चालला. अक्षय्यतृतीयेला पुरण वाटताना, माझ्या मुलीच्या बारशात, सिलिंडरच्या रांगेत. मधेच तुम्ही म्हणायचात, "एकदाव मझार म्हन ना." मी म्हणायची, "बाहेर." आजूबाजूच्या बायकांना वाटायचं, काहीतरी घरचं, इस्टेटीचं असेल. मग क्लबानं कोर्ट सिमेंटचं केलं. वकीलसाहेब भला माणूस, संध्याकाळ तुमचीच राहील म्हणून घरी सांगायला आले. तुम्ही थोडे दिवस खेळलात आणि रॅकेट खुंटीला टांगलीत. गुडघे दुखतात असं लोकांना सांगितलंत. मला खरं कारण सांगितलंत: ठसाच उठत नाही, मग भांडायचं कशावरून?

गेल्या महिन्यात कमल सिस्टरनं मला डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तुम्हाला कळू द्यायचं नाही असं नानांनी ठरवलेलं. मी दुपारी तुमच्या खाटेशी बसले होते. तुम्ही डोळे मिटून होतात, मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणालात, "शैला, एकदाव मझार म्हन ना."

शब्द माझ्या ओठांवर आला होता. तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं, आणि ते द्यायला मला काही जड नव्हतं. पण इतकी वर्षं जी भावजय वीतभरही मागं सरली नाही, ती आज आत म्हणाली, तर तुम्हाला त्याच क्षणी सगळं कळलं असतं. मग मी काय केलं, तर कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "बाहेर होता. वीतभर." तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. "मंग ठीक शे," म्हणालात, आणि चहा मागितलात. तुम्ही मला विचारत होतात की माझ्याकडून काही काढून घेत होतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवशी चहा तुम्ही अख्खा कप प्यायलात.

परवा तुम्हाला नेल्यावर तुमची जागा सारवायची होती. आता घरभर गुळगुळीत फरशी, तुमच्या सुना म्हणाल्या, ओल्या फडक्यानं पुसून घेऊ. मी ऐकलं नाही. गवळ्याकडून शेण आणलं, माती घातली, भुसा नाही, आणि तुम्ही शिकवलंत तसं मागं मागं सरकत पातळ हात दिला. त्यावर पीठ पसरलं, दिवा ठेवला, वर टोपली झाकली. सकाळी टोपली काढून पिठात पाऊल बघायचं, गेलेलं माणूस कोणत्या रूपानं येणार ते त्यावरून कळतं म्हणतात. पीठ मीच पसरलं. ज्वारीचं. कड सरळ आली होती.

काल सकाळी टोपली काढली. सगळ्या वाकल्या. कोणी म्हणाली पाखराचं पाऊल, कोणी म्हणाली मांजराचं. मुंग्या तर आल्याच होत्या, त्यांनी एका बाजूनं पीठ न्यायला सुरुवातही केली होती. आणि कडेला, जिथं पीठ संपतं तिथं, एक गोल ठसा होता. टोपली ठेवताना काहीतरी टेकलं असेल, मला कळतं. पण मी त्या ठशाकडे बघत राहिले, आणि मान वर केली तर नानाही तिथंच बघत होते. ते काठी टेकत पुढं आले. त्या दिवशी डोळ्यात धूळ गेलेला माणूस, काल त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "शैला," ते म्हणाले, "बघ बरं. आत की बाहेर?"

मी कमरेत वाकले. ठशाभोवती बोट फिरवलं.

"मझार शे, नाना."

बायकांना काही कळलं नाही. नानांनी मान हलवली आणि जाऊन खुर्चीत बसले.

पण अक्का, हा आत होता म्हणून तो आत होत नाही. त्या रविवारचा तुमचा चेंडू बाहेरच होता, चांगला वीतभर. पटत नसेल तर या भांडायला.